जुनी दुनळी बंदूक विकत घ्यायची आहे? आधी कागद आणि मग नळी तपासा

अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात किंवा शेतावरच्या घरात आजोबांच्या काळातली बारा बोअरची दुनळी बंदूक असू शकते. कुणाला ती विकायची असते, कुणाला वारसा म्हणून ठेवायची असते, तर कुणाला जुनी इंग्लिश बंदूक स्वस्तात मिळतेय म्हणून मोह होतो. पण हा सौदा दोन ठिकाणी अंगलट येऊ शकतो. कागद जुळले नाहीत तर तुरुंगवास आणि नळी कमकुवत असेल तर बोटं किंवा डोळा जाण्याची भीती. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान 2 आणि कमाल 5 वर्षं तुरुंगवास व दंड होऊ शकतो. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा 3 वरून 2 वर आणली आणि परवान्याची मुदत 3 ऐवजी 5 वर्षं केली.

अहिल्यानगर जिल्ह्यात परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. पुणे किंवा नाशिक शहरात हे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत.

विकत घेण्याचा योग्य मार्ग कोणता?

आधी परवाना, मग बंदूक. परवान्यासाठी अर्ज केल्यावर पोलीस पडताळणी होते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं.

विकणारा खासगी परवानाधारक असेल, तर त्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं. त्यानंतर किमान 45 दिवस उलटल्याशिवाय बंदूक हातात देता येत नाही. "आज घेऊन जा, कागद नंतर करू" असं कुणी म्हणत असेल तर तो सौदा तिथेच सोडा.

घरातली बंदूक वारसाने मिळते का?

आपोआप नाही. परवानाधारकाचं निधन झालं की त्याचा परवाना वारसाला लागू होत नाही. बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारसाने स्वतःच्या नावावर परवाना मागायचा. इतर वारसांची ना-हरकतही लागते.

शस्त्र नियम, 2016 नुसार परवानाधारक हयात असतानाही हे करता येतं. त्याचं वय 70 झालं किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, की तो ती वारसाकडे देण्यासाठी अर्ज करू शकतो. भांडणं टाळायची असतील तर हा मार्ग सोयीचा आहे.

कागदांवर काय पाहायचं?

परवान्यावरचा बंदुकीचा क्रमांक, बोअर आणि प्रकार प्रत्यक्ष बंदुकीशी जुळला पाहिजे. परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला युनिक आयडी क्रमांक आहे का, हेही पाहा. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा कोरलेला असेल, किंवा नळी कापून आखूड केलेली असेल, तर अशा बंदुकीला हातही लावू नका.

बंदूक कशी तपासायची?

तपासणी परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात, जाणकार कारागिरासमोर करावी.

• आधी रिकामी आहे याची खात्री: बंदूक उघडून दोन्ही नळ्यांत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहा.

• नळीची आतली बाजू: नळ्या वेगळ्या करून उजेडाकडे धरा. आत गोल कड्यासारखी सावली दिसली तर नळी तिथे फुगलेली असू शकते. गंजाचे खोल खड्डे, पोचे आणि फुगवटा ही धोक्याची खूण आहे. दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बंदुकीत गंज हमखास सापडतो.

• नळीवरची नक्षी: लाकडाच्या रेषांसारखी वळणदार नक्षी दिसली तर ती डमास्कस नळी असू शकते. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेल्या अशा अनेक नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. आजच्या धूररहित दारूचा दाब त्यांना झेपेलच असं नाही.

• चाचणीचे शिक्के: नळीच्या खालच्या सपाट भागावर ते असतात. मुकुटाखाली 'एनपी' किंवा 'बीएनपी' ही अक्षरं म्हणजे ब्रिटनमध्ये धूररहित दारूवर चाचणी झाल्याची खूण. लंबगोलातली 'ईएलजी' ही अक्षरं बेल्जियममधल्या लिएज शहराची.

• काडतुसाची जागा: अनेक जुन्या बंदुकांत ती 2½ इंचांची, म्हणजे 65 मिलिमीटरची असते. आज सहज मिळणारं 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात बसलं तरी उडवताना दाब धोकादायक वाढू शकतो.

• सांधा: नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग काढा, बंदूक बंद करा आणि दस्ता धरून हलवा. खडखड जाणवली तर सांधा झिजलेला आहे.

• दस्ता आणि चाप: दस्त्याच्या मानेजवळ चीर आहे का पाहा. दोन्ही चाप आणि सुरक्षा खटका नकली काडतुसं घालून तपासा. रिकामी बंदूक चालवू नका.

एक गैरसमज

परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यातले काळवीट असोत की उसात दडणारा बिबट्या, दोघांनाही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चं संरक्षण आहे. बिबट्या दिसला तर वन विभागाला कळवायचं.

कागद बरोबर, पण नळी खराब असेल तर?

अशी बंदूक उडवायची नाही, इतकं नक्की. वापरण्याजोगी नसली तरी परवाना आपोआप सुटत नाही. दुरुस्ती करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्रांना कायद्यात सूट आहे, पण आपली बंदूक त्यात बसते का, हे घरी ठरवू नका. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या.