कासवाच्या पिलाचा सूर्य

मराठी संतवाङ्मयात कासवीची उपमा वारंवार येते. कासवी आपल्या पिलांस पान्हा पाजीत नाही की पंखाखाली घेत नाही; ती दुरून नुसती पाहते आणि त्या कृपादृष्टीवर पिले वाढतात, असा तो संकेत आहे. देव आणि भक्त यांच्या नात्यास ही उपमा किती शोभते, हे सांगावयास नको. प्राणिशास्त्राची साक्ष मात्र निराळी आहे. जमिनीवर राहणारी कासवी मातीत खळगा करते, त्यात अंडी घालते, खळगा बुजविते आणि निघून जाते. पिले बाहेर पडतात तेव्हा आई जवळ नसते. त्यांच्यावर जी दृष्टी असते ती सूर्याची. अंडे उबविणारा तोच, पिलाच्या अंगी ऊब भरणारा तोच आणि त्याचे कवच घट्ट करणाराही तोच. ज्यांनी हौसेने कासव घरी आणले, त्यांनी त्यास अन्न दिले, नाव दिले, माया दिली. सूर्य तेवढा द्यावयाचा राहिला. ही उणीव ओळखून भरून काढावयास युरोपातील माणसांस दोनशेहून अधिक वर्षे लागली.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडातील सेलबोर्न नावाच्या खेड्यात करणे योग्य होईल. तेथील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) हे निसर्गनिरीक्षक म्हणून विख्यात आहेत. रिंगमर गावी राहणाऱ्या त्यांच्या आत्याच्या परसात एक कासव सुमारे चाळीस वर्षे नांदत होते. १७८० साली आत्या निवर्तल्यावर व्हाइट यांनी ते मातीने भरलेल्या पेटीत घालून घोडागाडीने सुमारे ऐंशी मैलांवरील सेलबोर्नला आणले. त्याचे नाव टिमथी. ते नर नसून मादी होती, हे तिच्या मृत्यूनंतर कवचावरून उमगले. ते कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

टिमथी नोव्हेंबरात मातीत पुरून घेई आणि एप्रिलात वर येई, याची नोंद व्हाइट यांनी वर्षानुवर्षे ठेवली. त्यांच्या दोन नोंदी विशेष महत्त्वाच्या आहेत. भर उन्हाळ्यात दुपारचे ऊन सोसेनासे झाले म्हणजे ती कोबीच्या रुंद पानाखाली जाऊन बसे. शरद ऋतूत ऊन मंदावले म्हणजे ती बागेच्या भिंतीपाशी येई आणि तिरपे किरण पाठीवर सरळ पडावेत अशा बेताने कवच भिंतीस टेकवून कलते करी. भूमितीचा धडा कधी न घेतलेला हा प्राणी किरणांचा कोन साधत होता. कासवास ऊन हवे, तशी सावलीही हवी, आणि दोहोंमधून निवड करण्याची मोकळीक हवी, हे सारे त्या दोन नोंदींत आलेले आहे. परंतु पुढील पिढ्यांनी व्हाइट यांच्या पुस्तकातून हा बोध घेतला नाही. कासव फार चिवट असते, त्याचे फारसे काही करावे लागत नाही, एवढेच त्यांच्या ध्यानात राहिले.

टिमथी जगली ती पूर्ण वाढलेली होती म्हणून आणि तिला दक्षिण इंग्लंडची उन्हाची बाग मिळाली म्हणून. एकोणिसाव्या शतकात, आणि त्याहून अधिक विसाव्या शतकात, मोरोक्को आदी देशांतून लाखो कासवे जहाजांनी इंग्लंडात आली आणि मुलांची करमणूक म्हणून हातगाड्यांवरून व दुकानांतून विकली गेली. कासवाचे रक्त स्वतःची उष्णता निर्माण करीत नाही. बाहेरची ऊब मिळेल तसे त्याचे अंग तापते आणि मगच त्याच्या पोटात अन्न पचते. थंड खोलीत ठेवलेले कासव पाने खाते, पण ती जिरत नाहीत; ते डोळे मिटून बसते आणि धन्यास वाटते की प्राणी निवांत आहे. त्यांतील फार मोठा भाग पहिल्या एकदोन हिवाळ्यांतच दगावला. परंतु कासव मरते तेही सावकाश, आणि मेलेल्याच्या जागी नवे स्वस्तात मिळे. मृत्यूचे कारण शोधण्याची गरज कोणास भासली नाही.

कारण सापडले ते कासवांमुळे नव्हे, तर सिंहाच्या छाव्यांमुळे आणि माणसाच्या मुलांमुळे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडले गेले. अशा प्रकारचे ते जगातील पहिले. परंतु त्याच संग्रहालयात सिंहाचे छावे मात्र हाडे वाकून मरत. तो मुडदूस होता. १८८९ साली जॉन ब्लँड-सटन या शल्यविशारदाने छाव्यांच्या मांसात कुटलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल घालावयास सांगितले, आणि काही महिन्यांतच छावे सुधारले. पुढच्याच वर्षी, १८९० साली, जपानात वैद्यकीय मिशनरी म्हणून काम केलेल्या डॉ. थिओबाल्ड पाम यांनी एक विलक्षण गोष्ट मांडली. हिंदुस्थान, चीन, जपान येथील मिशनऱ्यांकडून त्यांनी माहिती मागविली होती. या देशांत दारिद्र्य आहे, अन्न अपुरे आहे, तरी मुडदूस क्वचितच आढळतो. आणि इंग्लंडच्या धुराने काळवंडलेल्या शहरांत मात्र तो घरोघर दिसतो. पाम यांनी निष्कर्ष काढला की, या मुलांस कमी पडते ते ऊन.

त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. परंतु १९१९ साली बर्लिनचे डॉ. कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या चार मुलांवर पाऱ्याच्या क्वार्ट्झ दिव्याचा प्रकाश पाडला. या दिव्यातून जंबुपार, म्हणजे शाळेत हल्ली ज्यांस अतिनील म्हणतात, ते किरण निघतात. मुलांची हाडे भरून आली. एका हातावर प्रकाश पाडला असता दुसऱ्या हाताचे हाडही सुधारले. तेव्हा त्वचेत काहीतरी तयार होऊन ते रक्तावाटे सर्वांगात जाते, हे उघड झाले. हे काहीतरी म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व. त्याच्याशी निगडित संशोधनासाठी आडोल्फ विंडाउस यांस १९२८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलांच्या रुग्णालयातील हे ज्ञान कासवांच्या घरात नेण्याचा मान बऱ्याच अंशी एका तरुण स्त्रीकडे जातो. जोन प्रॉक्टर यांचा जन्म १८९७ चा. प्रकृती लहानपणापासून अशक्त. परंतु सरपटणाऱ्या प्राण्यांची ओढ अशी की, शाळेत असताना त्यांनी मगरीचे पिल्लू पाळले होते. कासवाच्या कवचाची घडण हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता, आणि १९२२ साली त्यावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९२३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सरीसृप विभाग त्यांच्या हाती आला. त्यांनी आखलेले नवे घर १९२७ साली उघडले. त्यात विजेची उष्णता सर्वत्र सारखी न ठेवता ठिकठिकाणी कमीअधिक ठेवली होती, म्हणजे प्राण्यास आपल्या सोयीची जागा निवडता यावी. साध्या काचेतून हाडांस उपयोगी पडणारे अतिनील किरण जवळजवळ मुळीच येत नाहीत. म्हणून प्रॉक्टर यांनी ते किरण आत येऊ देणारी, ‘व्हिटा’ नावाची काच वापरविली. टिमथीने कोबीच्या पानाखाली आणि भिंतीच्या उन्हात जे शोधले, ते येथे प्रथमच माणसाने बुद्धिपुरस्सर बांधून दिले. १९३१ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, प्रॉक्टर यांचा मृत्यू झाला.

उष्णता आणि प्रकाश या दोहोंची जोड का लागते, हे रसायनशास्त्राने पुढे उलगडले. अतिनील किरणांनी त्वचेतील एका द्रव्याचे रूपांतर होते. परंतु त्यातून प्रत्यक्ष ‘ड’ जीवनसत्त्व तयार व्हावयास अंगाची ऊब लागते. माणसाचे अंग सदैव उबदार असल्याने आपणांस ही दुसरी पायरी जाणवत नाही. कासवाचे तसे नाही. थंड खोलीत अतिनील दिवा लावला तर काम अर्धवट राहते. नुसता तापविणारा दिवा लावला तर ते सुरूच होत नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवीत आणि बाळास कोवळ्या उन्हातही धरीत. कासवाच्या पिलासही शेगडी आणि ऊन ही दोन्ही लागतात, हाच त्याचा अर्थ.

एवढे कळूनही हे ज्ञान बराच काळ संग्रहालयांच्या भिंतींबाहेर फारसे आले नाही. १९८४ साली युरोपीय आर्थिक समुदायाने भूमध्य प्रदेशातील कासवांची व्यापारी आयात बंद केली. तोवर विकली जाणारी कासवे बहुधा रानात वाढलेली असत. त्यांचे बालपण आफ्रिकेच्या उन्हात गेलेले असे. आता हौशी लोकांस घरच्या अंड्यांतून निघालेली पिले वाढवावी लागली. असे पिल्लू जेमतेम पंधरा ग्रॅम वजनाचे, जुन्या रुपयाएवढे. मोठे कासव चुका वर्ष दोन वर्षे सोसते; पिल्लू सोसत नाही. काचेच्या पेटीत, साध्या विजेच्या दिव्याखाली वाढलेल्या पिलांची कवचे बोटाने दाबली जातील इतकी मऊ राहिली. जी पिले तगली त्यांच्या पाठीवर पिरॅमिडासारखे उंचवटे आले. अन्नातील जास्त प्रथिनांमुळे असे होते, अशी दीर्घकाळ समजूत होती. २००३ साली व्हिएन्नाच्या दोन संशोधकांनी आफ्रिकी कासवांच्या पन्नास पिलांचे गट करून कोणास कोरडी तर कोणास दमट हवा, कोणास कमी तर कोणास जास्त प्रथिने दिली. तेव्हा आढळले की, मुख्य दोष कोरड्या हवेचा. दिव्याच्या उष्णतेने पेटीतील ओल उडून जाई. रानात पिल्लू दिवसाचा मोठा भाग गवताच्या बुडाशी ओलसर मातीत दडून काढते, याचा विसर पडला होता.

या सर्व अनुभवांतून भूमध्य जातींच्या पिलांच्या घराची जी रीत ठरली, ती थोडक्यात अशी आहे. काचेच्या बंद पेटीऐवजी वरून उघडा, ऐसपैस लाकडी खोका घेतात. त्याच्या एका टोकास वरून दिवा टांगतात आणि त्याखाली दिवसा सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता ठेवतात. दुसरे टोक २० ते २४ अंशांवर थंड राहते. पिल्लू स्वतःच इकडून तिकडे जाऊन आपले अंग हवे तसे राखते. उष्णता वरून द्यावयाची, कारण निसर्गात ती वरून येते. खालून तापलेल्या दगडाने पोट भाजले तरी कासवास वेळेवर उमगत नाही. त्याच दिव्यालगत अतिनील किरण देणारा दिवा दिवसाचे सुमारे बारा तास चालतो. हा दिवा डोळ्यांस उजळ दिसत राहिला तरी त्याचे अतिनील किरण काळाने क्षीण होतात, म्हणून तो ठराविक मुदतीने बदलावा लागतो. रात्री अंधार आणि थोडा गारवा. खाली ओलसर माती, दडावयास आडोसा, पिलास बुडता येणार नाही इतक्या उथळ ताटलीत पाणी. हवा बरी असेल तेव्हा मात्र पिलास बाहेर खऱ्या उन्हात, जाळीखाली ठेवतात. कारण कोणताही दिवा सूर्याची पुरती जागा घेत नाही.

हौसेपोटी मिळालेले वाटणारे हे ज्ञान किती मोलाचे आहे, हे गॅलापागोस बेटांवर प्रत्ययास आले. तेथील पिन्झोन बेटावर जहाजांतून आलेले उंदीर महाकाय कासवांची पिले फस्त करीत. म्हातारी कासवे उरली होती, नवी पिढी नव्हती. १९६५ पासून तेथील अंडी आणून सांता क्रूझ बेटावर पिले वाढविण्यास आरंभ झाला. अंड्यास मिळणाऱ्या उष्णतेवरच नर की मादी हे ठरते. २८ अंशांस बहुतेक नर, २९.५ अंशांस बहुतेक माद्या. एस्पान्योला बेटावर तर अवघ्या बारा माद्या आणि दोन नर शिल्लक होते. अमेरिकेतील सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर आणला गेला. त्यांची पिले काही वर्षे सांभाळून बेटावर सोडली गेली. जून २०२० मध्ये ती पंधरा मूळ कासवे स्वतःच्या बेटावर परतली, तेव्हा त्यांचा वंश तेथे सुमारे २,००० वर पोहोचला होता.

भारतात या इतिहासाचा उपयोग निराळ्या प्रकारे व्हावयास हवा. गुजरात, राजस्थान, आंध्र, तमिळनाडू येथील कोरड्या झुडुपांत राहणारे स्टार कासव पाठीवरील चांदण्यांच्या नक्षीमुळे चोरट्या व्यापारास बळी पडते. घरात ठेवल्याने भाग्य उजळते, हीही समजूत त्याच्या मुळावर येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पकडणे, विकणे वा घरी ठेवणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारातही त्यास सर्वांत कडक संरक्षण मिळाले. ज्या देशांत सूर्य दुर्मीळ आहे, तेथे तो तारेच्या दिव्यांतून निर्माण करावयास दोन शतकांचे कष्ट आणि अगणित पिलांचे प्राण खर्ची पडले. स्टार कासवाच्या पिलास येथे ऊन, ओलसर माती आणि सावली ही तिन्ही रानात आयती मिळतात. त्यास खोक्यात घालून काळोख्या खोलीत ठेवणाऱ्याने त्याचे सारे घर हिरावून घेतलेले असते, आणि कसलेही भाग्य त्याची भरपाई करू शकत नाही.