शरदिंदू बंद्योपाध्याय

शरदिंदू बंद्योपाध्याय (जन्म : जौनपूर, ३० मार्च १८९९; मृत्यू : २२ सप्टेंबर १९७०) हे बंगाली कादंबरीकार, कथाकार आणि पटकथालेखक होते. ब्योमकेश बक्षी या सत्यान्वेषीचे जनक म्हणून ते भारतभर ओळखले जातात. बंगालीत मात्र त्यांची ऐतिहासिक कादंबरीकार म्हणूनही तितकीच प्रतिष्ठा आहे. आयुष्याची शेवटची बत्तीस वर्षे त्यांनी महाराष्ट्रात, आधी मुंबईत व नंतर पुण्यात काढली. त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील महत्त्वाच्या कृती याच काळात प्रसिद्ध झाल्या.

जीवन

बंद्योपाध्याय यांचे घराणे कलकत्त्याजवळील बारानगरचे. परंतु वडिलांच्या व्यवसायामुळे त्यांचे बालपण बिहारमधील मुंगेर येथे गेले. बंगालबाहेर राहणाऱ्या बंगाली माणसाला बंगालीत ‘प्रवासी’ म्हणतात. शरदिंदू या अर्थाने जन्मभर प्रवासीच राहिले. कलकत्त्याच्या विद्यासागर महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांचा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. पुढे पाटण्यास कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंगेरला वकिली केली; पण लेखनाची ओढ अधिक असल्याने ती सोडून दिली.

१९३८ साली हिमांशू राय यांच्या निमंत्रणावरून ते बॉम्बे टॉकीजसाठी कथा-पटकथा लिहिण्यास मुंबईत आले. ही चित्रसंस्था मालाड येथे होती. ‘भाभी’, ‘वचन’, ‘दुर्गा’, ‘कंगन’, ‘नवजीवन’, ‘पुनर्मिलन’ आदी चित्रपटांच्या लेखनाशी त्यांचा संबंध होता. या नोकरीने त्यांना स्थैर्य दिले, परंतु साहित्यलेखन मंदावले. १९३२ ते १९३६ या अल्प काळात ब्योमकेशच्या दहा कथा लिहिणारा हा लेखक त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे त्या नायकाकडे फिरकला नाही. १९५२ मध्ये चित्रपटसृष्टीचा निरोप घेऊन ते पुण्यास स्थायिक झाले आणि पूर्ण वेळ लेखन करू लागले. फलज्योतिषाचाही त्यांना छंद होता.

ब्योमकेश बक्षी

ब्योमकेशची पहिली कथा ‘पथेर काँटा’ ही १९३२ मधील. मात्र नायकाची ओळख करून देणारी ‘सत्यान्वेषी’ ही कथा त्यानंतर लिहिली गेली. ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द आवडत नाही. तो स्वतःला सत्याचा शोध घेणारा म्हणवतो. शेरलॉक होम्सच्या वळणाने त्याच्या सोबतीला अजित हा लेखकमित्र निवेदक म्हणून येतो. होम्सशी साम्य येथेच संपते, असे म्हणावयास हरकत नाही. ब्योमकेश विवाह करतो, संसार थाटतो, वयाने वाढतो. महायुद्ध, दंगली आणि फाळणीनंतरचे कलकत्ता त्याच्या भोवती बदलत जाते. शेवटच्या काही कथांत तर अजित निवेदक म्हणूनही उरत नाही. १९५१ मधील ‘चित्रचोर’पासून ही मालिका पुन्हा सुरू झाली. एकूण बत्तीस कथा पूर्ण झाल्या. ‘बिशुपाल वध’ ही तेहतिसावी कथा लेखकाच्या निधनाने अपुरी राहिली.

यांपैकी ‘शैलरहस्य’ ही कथा मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी. ती महाबळेश्वरात घडते आणि बरीचशी ब्योमकेशने तेथील हॉटेलातून अजितला लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने येते. थंडीतले निर्जन महाबळेश्वर, खोल दरी आणि बुद्धिवादी ब्योमकेशला निरुत्तर करणारे एक भूत अशी तिची सामग्री आहे. भूतकथा हा शरदिंदूंचा आणखी एक आवडता प्रांत. ‘बरदा’ हा भुतांच्या गोष्टी सांगणारा त्यांचा नायक बंगालीत लोकप्रिय आहे.

ऐतिहासिक लेखन

‘कालेर मंदिरा’ (१९५१) ही हूणांच्या आक्रमणाच्या काळातील, स्कंदगुप्ताच्या राजवटीची पार्श्वभूमी असलेली कादंबरी. ‘गौडमल्लार’ (१९५४) शशांकाच्या मृत्यूनंतरच्या अराजकात घडते. ‘तुमि संध्यार मेघ’ (१९५८) पाल राजांच्या काळातील, तर ‘तुंगभद्रार तीरे’ (१९६५) विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाच्या काळातील आहे. शेवटच्या कादंबरीचा नायक अर्जुनवर्मा हा बहमनींच्या गुलबर्ग्याहून पळून आलेला तरुण आहे. विजयनगरवरील रॉबर्ट सेवेल यांच्या ग्रंथाचा लेखकाला येथे आधार मिळाला. या कादंबरीसाठी १९६७ मध्ये त्यांना पश्चिम बंगाल शासनाचा रवींद्र पुरस्कार मिळाला. त्यांची ऐतिहासिक गद्यशैली संस्कृतप्रचुर असूनही जड होत नाही. राजकारणापेक्षा त्या काळचे अन्न, वस्त्र, शस्त्र, प्रवास आणि शृंगार यांत त्यांचे मन अधिक रमते. काही ठिकाणी रम्यतेचा मोह इतिहासावर मात करतो, हेही नमूद केले पाहिजे.

शिवकालाने बंगाली लेखकांना फार पूर्वीपासून आकर्षित केले होते. रमेशचंद्र दत्त यांची ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ ही कादंबरी एकोणिसाव्या शतकातील. शरदिंदूंनी मात्र शिवाजी महाराजांकडे एका पोराच्या नजरेतून पाहिले. गावातून हाकलला गेलेला अनाथ सदाशिव महाराजांच्या सैन्यात दाखल होतो आणि अक्कलहुशारीने एकेक कामगिरी पार पाडतो, अशा पाच कुमारकथा त्यांनी लिहिल्या. ‘आदिकांड’, ‘अग्निकांड’, ‘घोडा-घोडा कांड’ अशी त्यांची खेळकर शीर्षके आहेत. ‘बाघेर बाच्चा’ या कथेत किशोरवयीन शिवाजी भेटतो. बंगालमधील अनेक पिढ्यांच्या मुलांना सह्याद्रीतील गड आणि मावळे ठाऊक झाले ते सदाशिवामुळे. महाराष्ट्रातील मुलांना मात्र हा सदाशिव फारसा परिचित नाही.

चित्रपट व मालिका

अँथनी होप यांच्या इंग्रजी कादंबरीवरून शरदिंदूंनी रचलेल्या ‘झिंदेर बंदी’वर तपन सिन्हा यांनी १९६१ मध्ये चित्रपट काढला. सत्यजित राय यांच्या ‘चिडियाखाना’मध्ये (१९६७) उत्तमकुमार ब्योमकेश झाले. नवेंदू घोष यांच्या ‘तृषाग्नी’ (१९८८) या हिंदी चित्रपटाचा आधार शरदिंदूंची ‘मरू ओ संघ’ ही कथा आहे. त्यात नाना पाटेकर, पल्लवी जोशी व नितीश भारद्वाज यांच्या भूमिका होत्या. तरीही मराठी घरांत ब्योमकेश पोहोचला तो १९९३ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या बासू चॅटर्जी यांच्या हिंदी मालिकेमुळे. तीत रजित कपूर यांनी ब्योमकेशची व के. के. रैना यांनी अजितची भूमिका केली. दिबाकर बॅनर्जी यांचा ब्योमकेशवरील हिंदी चित्रपट २०१५ मध्ये प्रदर्शित झाला.