मोफसलचा महेशचंद्र

बंगाली स्नेह्याबरोबर बुद्धिबळाला बसलेल्या मराठी माणसाची पहिली अडचण नावांची. आपला हत्ती ज्या कोपऱ्यात उभा राहतो, तेथे यांची नौका असते. आणि आपला उंट तो यांचा गज. एके काळी साहेबांचा व आपल्या लोकांचा खेळही असाच नियमांनी भिन्न होता, आणि त्या भेदातून कलकत्त्यात एक इतिहास घडला.

सियालदहला आज मोफसलचे लोक आगगाडीने लोटतात. येथील रेल्वे १८६२ ची. तिच्याही आधी, १८४८ मध्ये, कलकत्ता चेस क्लबच्या एका सभासदास मोफसलात कधी न हरलेला म्हणून ख्यात असा महेशचंद्र बॅनर्जी हा ब्राह्मण आढळला. त्यास शहरात आणून जॉन कॉक्रेन यांच्यासमोर बसविण्यात आले. कॉक्रेन हे बॅरिस्टर. लंडनला स्टाँटनशी शेकडो डाव खेळलेले.

त्याच वर्षीच्या एका डावात कॉक्रेन यांनी चौथ्याच खेळीला राजाजवळचे प्यादे घोड्याने मारले. घोडा गेला, दोन प्यादी मिळाली. पण काळ्या राजाला घराबाहेर यावे लागले व त्याचा किल्लेकोट कायमचा हुकला. ही धाडसी सुरुवात आजही कॉक्रेन यांच्याच नावाने ओळखली जाते. १९९९ मध्ये लिनारेसला टोपालोवने ती क्रामनिकविरुद्ध खेळली. डाव बरोबरीत सुटला.

महेशचंद्राची रीत उलट होती. देशी खेळात प्यादे आरंभीही एकच घर चाले. त्यामुळे मधली घरे शत्रूस घेऊ द्यावीत, उंट बगलेस ठेवावा आणि मग त्या मोर्चावर तुटून पडावे, असा त्याचा खाक्या. १८५५ मध्ये कॉक्रेन यांच्याविरुद्ध तो जो बचाव खेळला, तोच १९२२ नंतर व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डच्या नावाने जगभर गाजला.

दोघांच्या उपलब्ध डावांपैकी बहुतेक कॉक्रेन यांनी जिंकले, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते डाव टिपून विलायतेच्या नियतकालिकांकडे पोहोचले म्हणूनच महेशचंद्र आपणांस ठाऊक आहे; तेथेही त्याच्या नावाची अक्षरे दरवेळी निराळी. पुस्तकांत अशा बचावांना 'इंडियन' म्हणतात. देशाचे नाव लागले, माणसाचे राहिले. कचेरीत टिपण एकाचे व सही दुसऱ्याची, हा प्रकार आपणांस नवा नाही. निदान महेशचंद्राचे टिपण तरी शाबूत आहे, आणि ज्याला पट मांडता येतो त्याला ते आजही वाचता येते.