पीएसए नॉर्मल, तरीही प्रोस्टेट कॅन्सर: स्मॉल सेल प्रकाराची ओळख

साठीनंतर लघवीची धार बारीक होते, रात्री तीनदा उठावं लागतं, वुजू टिकत नाही. घरातले बुजुर्ग शरमेने हे बोलतच नाहीत. बहुतेकदा ती प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढ असते. पीएसए ही रक्ततपासणी कमी आली की घरचे निश्चिंत होतात. पण याला एक अपवाद आहे.

स्मॉल सेल कार्सिनोमा हा प्रोस्टेट कॅन्सरचा फार दुर्मीळ प्रकार. नेहमीचा प्रोस्टेट कॅन्सर बहुधा हळू वाढतो, रक्तात पीएसए सोडतो आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. स्मॉल सेलच्या पेशी पीएसए फारसा बनवतच नाहीत. त्यामुळे आजार यकृत, हाडं, मेंदूपर्यंत गेला तरी आकडा कमीच राहू शकतो. काहींना तो सुरुवातीपासून असतो, तर काहींमध्ये नेहमीच्या कॅन्सरवर हार्मोनचे उपचार वर्षानुवर्षं चालल्यावर पेशीच रूप बदलतात. म्हणून जुन्या पेशंटचा पीएसए स्थिर असूनही वजन झपाट्याने उतरत असेल, कंबर सतत दुखत असेल, तर "वय झालं" म्हणून नमाजसाठी खुर्ची आणून देण्यावर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा.

पक्कं निदान बायोप्सीनेच होतं. तुकडा प्रोस्टेटचा किंवा पसरलेल्या गाठीचा घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. त्यात सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन ही नावं दिसतील. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या. दुसरं मत घेताना नुसता कागद पुरत नाही. फैलाव पाहायला सीटी किंवा पेट स्कॅन आणि गरजेनुसार मेंदूचा एमआरआय करतात. पीएसएमए पेट मात्र या प्रकारात चकवू शकतो.

इथे नुसत्या हार्मोनच्या इंजेक्शनने भागत नाही. मुख्य उपचार केमोथेरपीचा: सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, सोबत इटोपोसाइड, साधारण दर २१ दिवसांनी. आजार प्रोस्टेटपुरताच असेल तर रेडिएशनही देतात. सुरुवातीला गाठी बऱ्याचदा लवकर आटतात, पण आजार उलटतोही लवकर. ही गोष्ट घरच्यांनी डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारावी.

सिस्प्लॅटिन चालू असताना मूत्रपिंडं सांभाळायला भरपूर पाणी लागतं. अशा वेळी अब्बा रोज्याचा हट्ट धरतात. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा सूरह बकराच्या आयत १८५ मध्ये आहे. बरं होण्याची आशा नसेल तर फिदियाबद्दल आलिमांना विचारा. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी आणि रेडिएशन येतं. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सी रिपोर्ट घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधील आरोग्यमित्राला भेटा.