प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्यांमुळे दृष्टी जाऊ शकते का?

किडनी किंवा यकृताचं प्रत्यारोपण झाल्यावर शरीराने नवा अवयव नाकारू नये, म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही त्यातली प्रमुख औषधं. क्वचित काही रुग्णांमध्ये त्यांचा परिणाम दृष्टीवर होतो.

नेमकं काय होतं?
बहुतेकदा डोळे ठीक असतात, पण मेंदूच्या मागच्या भागात सूज येते. समोरचं दृश्य ओळखण्याचं काम हाच भाग करतो. त्यामुळे अचानक धूसर दिसतं किंवा काहीच दिसत नाही. सोबत डोकेदुखी, फिट आणि वाढलेलं बीपीही असू शकतं. डॉक्टर याला 'प्रेस' म्हणतात. १९९६ मध्ये याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध झालं.

दृष्टी परत येते का?
एमआरआयमध्ये ही सूज दिसते. बीपी आटोक्यात आणून डोस कमी केला किंवा औषध बदललं, तर बहुतेकांना पुन्हा नीट दिसू लागतं. उशीर झाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. फार क्वचित टॅक्रोलिमसमुळे डोळ्याच्या नसेलाच इजा होते. ती भरून येईलच असं नाही.

मग गोळी बंद करायची का?
स्वतःहून अजिबात नाही. गोळी थांबवली तर शरीर नवा अवयव नाकारू शकतं. दिसण्यात फरक जाणवला तर त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना गाठा. रक्तातली औषधाची पातळी नॉर्मल असतानाही हा त्रास होऊ शकतो. त्यामुळे जुन्या रिपोर्टवर विसंबून थांबू नका.