खालसातला पोरगा

१९१६ चा पौष. तंबाखूच्या बोदांवर बसून निपाणीहून निघालास, वेदगंगा गेली, दूधगंगा गेली, आणि कागलच्या अलीकडे गाडीवान म्हणाला, "आलास बघ म्हाराजांच्या राज्यात." तुझं गाव बेळगाव जिल्ह्यातलं, म्हणजे इंग्रजांचं. इथं छत्रपतींचं संस्थान. राजाराम हायस्कुलात पोरांनी तुझं नाव पाडलंय, खालसा, म्हणजे इंग्रजी मुलखातला.

आज शनिवार. लिंगायत बोर्डिंगातला वरच्या वर्गातला अण्णा हळूच म्हणतो, "चल रं, 'शारदा' हाय." खिशात एक पावली आहे, ती तेलाची. रात्रीच्या अभ्यासाच्या तेलाची. चल.

खासबागेच्या कुस्तीच्या मैदानाला लागूनच पॅलेस थिएटर. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, रोमचा जुना आखाडा बघून आले, आणि दोन्हींचा ध्यास घेतला, असं कोल्हापूरकर सांगतात. थिएटर १९१५ च्या ऑक्टोबरात उघडलं, अजून चुन्याचा वास जात नाही. तू पिटात घोंगडीवर बसतोस आणि आधी खांब शोधतोस. गावच्या मंडपात तुझ्या वाट्याला नेहमी खांबच आलेला. इथं एकही नाही. किटसनच्या बत्त्या फुसफुसतायत, पडद्याआडून उदाचा वास येतोय.

शेजारचे तालीमबाज आबा विचारतात, "कुठलं गाव म्हणायचं?" निपाणी म्हटल्यावर खूश होतात. "मग तुमच्याच अंगाचं नाटक हे! 'शारदा' लिहिणारे देवल मास्तर शिकले बेळगावात. त्यांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर, ते गुर्लहोसूरचे. आणि आमचा केशवराव भोसले, पोरवयात ही शारदा गाजवली, पण स्वतःची कंपनी काढली कुठं? हुबळीत!" आबांचं खरं आहे. मराठी संगीत नाटकाच्या पायवाटा निम्म्या कानडी मुलखातूनच आल्यात. कोल्हापुरात तू मात्र परका म्हणून अंग चोरून बसलायस.

तिसरी घंटा. नांदी. पडदा वर.

गाणी पोरांच्या तोंडी आहेतच, ती तुला अर्धी पाठ आहेत. पण मला विचारशील तर देवलांची खरी करामत बोलण्यात आहे. लग्नाला उभा भुजंगनाथ पंच्याहत्तरीचा, पोरगी शारदा चौदाची, मध्ये दलाल भद्रेश्वर दीक्षित, आणि बाप कांचनभट रुपये मोजणारा. कुणी राक्षस नाही, सगळे तुझ्या गल्लीत भेटतील असे. म्हणून पिट हसतं आणि हसता हसता गप्प होतं.

मध्यंतरात तू अंधारात मोरीकडे जातोस. मागच्या दाराशी शारदा उभी. नथ, अंबाडा, लुगड्याचा पदर खांद्यावर टाकलेला, आणि डाव्या तळहातावर चुना-तंबाखू मळणं चाललेलं. दोन थापा, एक फुंकर, चिमूट ओठाआड. वासावरूनच तुला माल ओळखता येतो, आपल्याकडचाच. ती तुझ्याकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणते, "काय रे, पाहिजे?" तू पळत सुटतोस.

आता रडू कसं येणार, असं तुला वाटतं. पण घटकाभरातच तोच गडी आईपुढे उभा राहून बोलू लागतो, आणि घोंगडीची दशी तुझ्या मुठीत कधी आली ते कळत नाही. लग्न सगोत्र ठरून मोडतं तेव्हा पिटातून कुणीतरी म्हाताऱ्याला अस्सल कोल्हापुरी शिवी हासडतं, आणि भुजंगनाथ क्षणभर हसू दाबतो.

ह्या थिएटराला पुढं केशवरावांचं नाव लागेल. ८ ऑगस्ट २०२४ ला, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत होरपळेल. तुला त्याचं काय? पहाटेचे तीन वाजलेत, बोर्डिंगाच्या फाटकाला कडी, आणि अण्णाला उचलून भिंतीवर चढवायचंय.

"अण्णा, बुधवारी काय लागतंय?"

"आधी पाय धर नीट. 'मृच्छकटिक.' आणि पावली तुझी तूच आण."