८६०३२ची कुळकथा

बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या परिसरात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर जो ऊस पिकतो, त्यातल्या एका वाणाला शेतकरी नुसतं ८६०३२ म्हणतात. या आकड्यामागे तीन देशांत पसरलेलं एक कुळ आहे, आणि देशाची साखर देशातच कशी पिकू लागली याची हकिगतही.

कालव्याला पाणी आलं १८८५च्या सुमारास. त्यावर पुंड्या ऊस वाढला, गुऱ्हाळं पेटली. गूळ घरचा झाला, पण बाजारातली पांढरी दाणेदार साखर बहुतांश जावाचीच होती. १९३०च्या आसपास वर्षाला नऊ-दहा लाख टन साखर बाहेरून येत होती. १९३२च्या कायद्यानं देशी साखरेला जकातीचं संरक्षण दिलं. तेव्हा तीस-बत्तीस असलेले कारखाने पाच-सहा वर्षांत सव्वाशेच्या वर गेले आणि आयात जवळजवळ थांबली. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांचं वालचंदनगर याच काळात उभं राहिलं. पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रंही घडू लागली.

पण जकात लावल्यानं उसाचा उतारा वाढत नाही. त्याला वाण लागतं. ऊस कांडीनं लावला जातो, म्हणून नवं रोप जुन्याचीच प्रत असते. नवं वाण हवं तर तुरा यावा लागतो, दोन वाणांचा संकर व्हावा लागतो, त्याचं केसाळ बी रुजावं लागतं. हे कोइमतूरच्या हवेत साधतं, म्हणून १९१२ साली ऊस पैदास केंद्र तिथे निघालं. वाणाच्या नावातलं ‘को’ तिथलं. तिथले शास्त्रज्ञ बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी उसाचा रानटी कासाशी संकर केला आणि को २०५ जन्मला. नंतर आला को ४१९; त्याची आई पीओजे २८७८, म्हणजे खुद्द जावात पैदा झालेलं वाण. ज्या बेटाच्या साखरेला आपण दार बंद केलं, त्याच बेटाचं बेणं आपण घरात घेतलं.

८६०३२ याच घराण्यातला. आई को ६२१९८, बाप कोसी ६७१. या ६७१ची आई क्यू ६३ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची, आणि बाप को ७७५, ज्याची आई पुन्हा पीओजे २८७८. संकर कोइमतूरचा, पारख मात्र नीरेकाठच्या पाडेगावची. १९३२ साली सुरू झालेल्या तिथल्या संशोधन केंद्रानं हे वाण इथल्या जमिनीत, लागणीला आणि खोडव्याला जोखलं. १९९६ साली ते महाराष्ट्रासाठी प्रसारित झालं, आणि त्याला नाव मिळालं ‘नीरा’.

स्वावलंबन म्हणजे परक्याचं काहीच न घेणं नव्हे. बाहेरून आलेलं बेणं आपल्या मातीत वाढवून त्यातून आपलं वाण काढण्याची विद्या हाती असणं, हे खरं स्वावलंबन. त्यासाठी कायद्याचं संरक्षण हवं, पाणी हवं, आणि वर्षानुवर्षं रोपं निवडत बसणारी केंद्रं हवीत. हाच धडा खाद्यतेलालाही लागू होतो. आज त्याची निम्म्याहून अधिक गरज आपण आयातीवर भागवतो. करडई, भुईमूग, सूर्यफुलाच्या बियाण्यावर उसाइतका पैसा आणि धीर खर्च करायला हवा. केवळ आयात शुल्क वाढवून तेल पिकणार नाही.